बऱ्हाणपूरची किल्ली

आमची धाकटी आते लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली ती १९६८ साली. फोंड्याकडची मुलगी इतक्या दूर दिली म्हणून आजी कितीतरी दिवस डोळे पुसत होती म्हणे. गाव मध्य प्रदेशात, पण घर मराठी. तापीकाठचा तो मुलूख मुळात खानदेशचाच. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा तो पलीकडे राहिला, एवढेच. स्टेशनच्या पाटीवर 'बुरहानपुर' असते, आते मात्र 'बऱ्हाणपूर' म्हणते. डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र लक्षात ठेवा. पुढे त्यानेच आम्हाला दोन दिवस रडवले.

आतेचे यजमान, आमचे आतोबा, शाळेत मराठीचे मास्तर. निवृत्तीनंतर बरीच वर्षे त्यांनी वाचनात घालवली आणि सत्तरी ओलांडल्यावर संगणक शिकायला घेतला. मुलाने जुना संगणक दिला, त्यात लिनक्स होते. इन्स्क्रिप्ट कळफलक लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी कागदाचे बारीक तुकडे कापून, त्यांवर काळ्या शाईने अक्षरे लिहून एकेका कळीवर डिंकाने चिकटवले. प्रत्येक कळीवर खाली एक अक्षर, वर एक. मास्तरांचे अक्षर, त्यामुळे छापल्यासारखे.

२०१६ च्या दिवाळीत मी तिथे गेलो. आपल्याकडून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठायचे, तिथून बऱ्हाणपूर तासाभरावर. गावाबाहेर केळीच्या बागा, आत यंत्रमागांची खडखड, आणि सकाळीच ताटात माव्याची जिलबी. तिसऱ्या दिवशी आतोबा हळूच म्हणाले, "तू संगणकातला माणूस ना? लिहिलेल्या मजकुराला कुलूप घालता येतं का रे?"

ते आठवणी लिहीत होते. वाड्याच्या वाटण्या, भावाभावांतला कोर्टाचा खटला, आईचे दागिने कुणाकडे गेले, असे सगळे. संगणक माजघरात. नातवंडे त्यावर खेळ खेळायची, पुतणे येता-जाता मेल बघायचे. "खरं लिहावं तर कुणाचं तरी मन दुखतं," ते म्हणाले, "आणि खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला?"

मी त्यांना काळी खिडकी उघडून दाखवली. संगणकाला चित्रांवर टिचक्या मारून नव्हे तर अक्षरे लिहून हुकूम सोडायची ती जागा. मास्तरांना ती फार आवडली. "म्हणजे हा लेखी परीक्षा घेतो. तुमच्या त्या बाकीच्या खिडक्या म्हणजे तोंडी."

हुकूम सोपा होता. जीपीजी लिहायचे, मग एक जागा, मग एक आडवी रेघ आणि सी, मग पुन्हा जागा आणि फाइलचे नाव. कुलूप जास्त पक्के हवे म्हणून मधे एईएस २५६ ही पद्धत निवडणारे दोन शब्दही त्यांना लिहून दिले. हुकूम सोडला की संगणक परवलीचे वाक्य विचारतो. तुम्ही टाइप करत असता आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकादेखील नाही. पहिल्यांदा आतोबांना वाटले, कळफलक बिघडला. तेच वाक्य दुसऱ्यांदा मागतो. दोन्ही जुळली की शेजारी नवी फाइल तयार होते आणि ती उघडून पाहिली तर नुसता चिवडा दिसतो. उलट करायचे तर सी ऐवजी डी.

मी शिकवणारा आणि ते विद्यार्थी, पण चूक त्यांनीच पकडली. "अरे, मूळ फाइल तर इथेच पडलीय की! दाराला कुलूप आणि खिडकी सताड?" खरेच होते. जीपीजी कुलूपबंद प्रत करून देते, मूळ फाइल आपली आपण काढून टाकावी लागते. शिवाय फाइलचे नाव कुलपाच्या बाहेर राहते. त्यांनी फाइलला नाव दिले होते 'भाऊबंदकी'. दोघेही हसलो. मग ते बदलून 'किराणा यादी' केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंडी भंडारा दाखवला. अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमलात, १६१५ च्या सुमारास केलेली ही पाण्याची सोय. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून केवळ उताराने शहराकडे आणलेले आणि वर ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या. एका कुंडीतून आपण खाली उतरतो. खाली गार अंधार आणि पायाशी वाहते पाणी. वर आल्यावर आतोबांनी कुंड्यांची रांग बोटाने दाखवली. "पाणी दिसत नाही, पण कुठून कुठे चाललंय ते कुंड्या सांगतात. तुझ्या त्या फाइलच्या नावासारखं."

परवलीच्या वाक्याबद्दल मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. जन्मतारीख नको, देवाचे नाव नको, आणि कुठल्याही पुस्तकातले वाक्य नको. त्यांनी एक लांबलचक वाक्य मनाशी जुळवले. मला सांगितले नाही. आतेला सांगितले आणि तिच्याकडून ते पाठ करून घेतले, शाळेत पाढे घेतात तसे.

त्या रात्री ओट्यावर बसून ते म्हणाले, "तुझं हे जीपीजी नवीन नाही. महानुभावांनी सहाशे वर्षांपूर्वीच केलंय."

महानुभावांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, पण अर्धीच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, ते 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ठरले, इथपर्यंत आपल्याला ठाऊक असते. पुढचे असे, की पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सर्वांत जास्त वापरली गेली ती सकळ लिपी. तिचे श्रेय परंपरा रवळोव्यासांना देते. त्याशिवाय सुंदरी, वज्र, सुभद्रा, पारमांडल्य, अंक अशा कितीतरी. भाषा मराठीच, पण एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर किंवा खूण. अनधिकाऱ्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला त्यातून काही लागू नये, हा हेतू. पंथाचे मठ पुढे पंजाब आणि त्याही पलीकडे गेले, आणि तिथेही मराठी पोथ्या त्याच लिप्यांत जपल्या गेल्या.

या गुप्ततेची किंमतही पंथाने मोजली. लोकांना जे वाचता येत नाही त्याबद्दल ते भलतेसलते बोलू लागतात. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण त्यातूनच रुजली असावी. ढोंगी माणसाला आपण 'मानभावी' म्हणतो तेव्हा एका अख्ख्या पंथाला शिवी देत असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. दुसरे नुकसान मराठीचे. आपले सर्वांत जुने गद्य आपल्याच भाषेत असून शतकानुशतके आपल्याला वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. पंथातल्या महंतांनीही पुढे पोथ्या खुल्या केल्या. मग भावे, देशपांडे, नेने अशा अभ्यासकांनी तो खजिना बाहेर आणला. य. खु. देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालचे.

असे करणारे महानुभाव एकटेच नव्हते. बऱ्हाणपुरात बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे. देशोदेशीचे बोहरे तिथे दर्शनाला येतात. त्यांची परंपरा ज्या इस्माइली शाखेतून आली, तिच्या जुन्या हस्तलिखितांतही काही मजकूर गुप्त अक्षरांत लिहिलेला आढळतो. याच गावच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या शेवटी फारुकी राजाने अरबीबरोबर चक्क संस्कृत शिलालेखही कोरवला आहे. एका गावात दोन्ही वृत्ती नांदताना दिसतात. काही गोष्टी दोन भाषांत सांगायच्या, काही कुणालाच नाही.

मी आतोबांना म्हटले, तुमच्या सकळ लिपीत आणि जीपीजीत एक फरक आहे. सकळ लिपीचे गुपित म्हणजे अक्षरांचा तक्ता. तो एकदा हाती लागला की एक पोथी नव्हे, त्या लिपीतल्या सगळ्या पोथ्या उघडतात. आणि तक्ता हाती नसला तरी चिकाटीच्या माणसाला तो शोधता येतो, कारण कुठल्याही भाषेत काही अक्षरे सारखी येतात आणि काही क्वचितच. जीपीजीची पद्धत मात्र जगजाहीर आहे. तिचे सगळे आतडे उघड्यावर, कुणीही वाचावे. गुपित फक्त किल्लीचे. कुलूप कसे बनवले हे शत्रूला कळले तरी चालावे, हा दंडक केर्कहॉफ नावाच्या भाषाशिक्षकाने १८८३ साली घालून दिला. "भाषाशिक्षकाने?" आतोबा खूश झाले.

या हत्याराचा इतिहासही ऐकण्यासारखा. १९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकी माणसाने पीजीपी नावाचा कार्यक्रम लिहून लोकांना वाटला. सरकारने त्याच्यामागे चौकशी लावली, कारण तिथल्या कायद्याने अशी गुप्तलेखनाची साधने शस्त्रांमध्ये मोडत आणि ती परवान्याशिवाय परदेशी धाडता येत नसत. ती चौकशी १९९६ साली बंद झाली. दरम्यान त्या कार्यक्रमाची अख्खी संहिता पुस्तकरूपाने छापली गेली होती, कारण पुस्तक परदेशी न्यायला कुणाची आडकाठी नव्हती! पुढे जर्मनीतल्या वेर्नर कोख याने त्याच धर्तीवर सर्वांना फुकट वापरता येईल असे जीपीजी लिहिले. त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९९ ची.

त्याच मुक्कामात आम्ही असीरगडही केला. गावापासून वीसेक किलोमीटरवर. ह्याला दख्खनचे दार म्हणत. १६०१ च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती आला. त्या वेळी गोव्यातून गेलेले जेझुइट पाद्री जेरोनिमो शावियेर बादशहाबरोबर होते. आपल्या जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे त्या सांव फ्रांसिस्क शावियेरांचे हे नात्यातले. जेझुइटांच्या वृत्तांताप्रमाणे गड पडला तो लाच देऊन. अबुल फजल सांगतो की आत रोगाची साथ पसरली होती. काहीही असो, तटबंदी जागच्या जागी राहिली आणि दार आतून उघडले. "कुलपं माणसांपाशी उघडतात," आतोबा म्हणाले. मला ते तेव्हा नुसते सुभाषित वाटले.

आतोबा २०१८ च्या पावसाळ्यात गेले. पुढच्या जानेवारीत आतेचा फोन आला. संगणक बंद पडला होता, पण फाइलची प्रत पेनड्राइव्हवर होती. "ये आणि उघडून दे."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. आते जपमाळ बाजूला ठेवून समोर बसली. पन्नास वर्षे त्या गावात काढून ती घरात हिंदी-मराठी बोलते, पण माझ्याशी कोंकणीच. "हांव सांगतां, तूं बरय," म्हणाली आणि डोळे मिटून वाक्य म्हणून दाखवले. मी टाइप केले. उत्तर आले : डिक्रिप्शन फेल्ड, बॅड सेशन की.

पुन्हा सांग म्हटले. तिने पुन्हा तेच सांगितले, शब्द न शब्द तोच. मी ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिले, शेवटी पूर्णविराम देऊन पाहिला, शब्दांमधल्या जागा काढून पाहिल्या. छे! संध्याकाळपर्यंत चाळीसेक वेळा झाले असेल. जीपीजी वाक्य पुन्हा पुन्हा घोटून त्याची किल्ली बनवते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की किल्ली थोडी चुकत नाही, साफ वेगळीच होते. 'जवळ आलास' असे ती कधी सांगत नाही. आणि या पद्धतीत शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या लिहायची तर अठ्ठ्याहत्तर आकडे लागतात. कुठला राजवाडे इथे उपयोगाचा नाही.

रात्री आते जेवली नाही. "म्हाका याद आसा रे पुता," एवढेच म्हणत राहिली. आपलीच स्मृती दगा देतेय की काय, ही भीती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. नवरा गेला, त्याने विश्वासाने दिलेली एकच गोष्ट, तीही आपण सांभाळली नाही असे तिला वाटू लागले. मला त्या फाइलपेक्षा त्याचे जास्त वाईट वाटले. शिकवला होता मीच हा उद्योग.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटीतून फडक्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आली. आतोबांचा जुना कळफलक. संगणक भंगारात गेला, पण कळफलक तिने दिला नव्हता, कारण त्यावर त्यांचे अक्षर होते. "ह्यावर लिहून बघ," म्हणाली.

मी तो मांडीवर घेतला आणि कागदाचे पिवळे पडलेले तुकडे वाचू लागलो. जे या कळीवर खाली र आणि वर नुक्ता दिलेला ऱ. बघत राहिलो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, महानुभावांची अंक लिपीच म्हणा. बऱ्हाणपूरमधला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. मी वापरतो त्या उच्चारानुसारी कळफलकात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ह. म्हणजे २३५२, २३८१, ८२०५, २३६१. आतोबांच्या कळफलकात मराठीचा स्वतंत्र ऱ, मग हलन्त आणि ह. म्हणजे २३५३, २३८१, २३६१. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मराठीच्या कुठल्याही मास्तराला चूक काढता यायची नाही. जीपीजीच्या लेखी मात्र ती दोन वेगळी वाक्ये. आतेच्या वाक्यात असा पापणीचा र असलेला एक शब्द आहे. कोणता, ते अर्थातच सांगणार नाही.

मी इन्स्क्रिप्ट चालू केले, तो कळफलक जोडला आणि तिने सांगितलेले पहिलेच वाक्य, काहीही न बदलता, मास्तरांच्या अक्षरांवर बोट ठेवत एकेक कळ दाबत लिहिले. फाइल उघडली.

"तुझं बरोबरच होतं आते," मी म्हटले. "पहिल्यापासून बरोबर होतं."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तूं मातसो भायर बस." मी ओट्यावर जाऊन बसलो. समोरच्या गल्लीत माग चालू होते. तासाभराने तिने हाक मारली. डोळे लाल होते, पण चेहरा शांत. काय वाचले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. म्हणाली, "परत कुलूप घाल. तेच वाक्य. आणि आता ते तुझ्याकडेही असू दे. त्या र-चं सुद्धा लिहून ठेव, वाक्य लिहू नकोस."

मी कळफलकाच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली : 'इन्स्क्रिप्ट. पापणीचा र जे कळीवरचा, शिफ्ट दाबून.' ज्याला वाक्य ठाऊक नाही त्याला त्या चिठ्ठीचा काडीचा उपयोग नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्याशिवाय गती नाही.

परतताना गाडीत मी सकळ लिपीचाच विचार करत होतो. इतकी शतके तिने ग्रंथ झाकून ठेवले म्हणून आपण हळहळतो. पण बारकाईने पाहिले तर ती लिपी कधी मेलीच नव्हती. गुरूने शिष्याला, त्याने त्याच्या शिष्याला शिकवली, म्हणून पंथात ती वाचणारे सदैव होते. उलट आपल्या गोव्याचे पाहा. गावकरीचे जुने कागद गोंयकानडी लिपीत आहेत. ती कुणी गुप्त म्हणून काढली नव्हती. साधी रोजच्या हिशेबाची, गावच्या ठरावांची लिपी. तिला कुणी कुलूप लावले नाही, फक्त पुढच्याला शिकवायचे राहून गेले. आज पणजीच्या पुराभिलेखागारात ते दस्तऐवज सुखरूप आहेत आणि वाचू शकणारे बोटांवर मोजण्याइतके. जे लपवले ते मिळाले, जे उघडे होते ते हरवत चालले आहे.

असो. आते आता ऐंशीला टेकली आहे. 'किराणा यादी' दोन ठिकाणी आहे. एक पेनड्राइव्ह तिच्याकडे दराब्याच्या रिकाम्या डब्यात, एक माझ्याकडे. वाक्य मी गेल्या चवथीला माझ्या मुलीकडून पाठ करून घेतले. तिने विचारले, आत काय आहे? मी म्हटले, मला माहीत नाही.

आमच्या घरात माळ्यावर पणजोबांच्या वेळचे एक दप्तर आहे, लाल फडक्यात बांधलेले, सगळे मोडीत. तीन पिढ्या आम्ही दर दसऱ्याला त्याची धूळ झाडून, हळदकुंकू वाहून ते परत ठेवतो. त्यात जमिनीचे कागद आहेत की कुणाची पत्रे, कुणालाच ठाऊक नाही. बऱ्हाणपूरहून आल्यावर मी मोडीच्या वर्गाला नाव घातले. हात अजून वळत नाही, पण परवा पहिल्या कागदावरचे पहिले अक्षर लागले. 'श्री' होते.